पंक बँडमध्ये बेस वाजवायचाय? उजव्या हातापासून सुरू कर

बेसचा, म्हणजे चार जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारचा क्लास लावू का, असं एखादी मुलगी विचारते तेव्हा मी आधी उलट विचारते, बँड आहे का तुझा? नसेल तर आधी तो जमव. ड्रमवर एक, गिटारवर एक आणि बेसवर तू, एवढ्या तिघी पुरेत. जिला ओरडायची लाज वाटत नाही ती गाईल. खोलीचं दार लावून एकटीनं बेस शिकता येतो, पण मुख्य गोष्ट राहून जाते. तुझा सूर ड्रमच्या ठोक्यावर नेमका पडतोय की मागे रेंगाळतोय, हे समोर कुणी वाजवत असल्याशिवाय कळत नाही. पंकमध्ये, म्हणजे त्या वेगवान, गोंगाटी, साध्या रॉक संगीतात, तर सगळा खेळ तिथेच आहे.

"आधी नीट येऊ दे, मग बँडचं बघू" हे डोक्यातून काढून टाक. मार्च 1977 मध्ये लंडनमध्ये द स्लिट्स या मुलींच्या बँडचा पहिला शो झाला, द क्लॅश या पंक बँडच्या कार्यक्रमात, त्यांच्या आधी वाजवून. त्यांची बेसिस्ट टेसा पॉलिट हिनं जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी बेस हातात घेतला होता. त्याआधी ती गिटार वाजवायची. 1979 मध्ये त्यांचा 'कट' हा अल्बम आला. तो लाव आणि बाकी सगळं सोडून फक्त बेसच्या मागे जा. निर्माता डेनिस बोव्हेल हा रेगे आणि डब या जमैकातल्या संगीतातला माणूस, आणि टेसाच्या बेसमध्येही तेच संगीत मुरलेलं ऐकू येतं. दोन सुरांमधली जागा ती मोकळी सोडते आणि त्या मोकळ्या जागेमुळेच गाणं हलतं. हे तिला शो करता करता आलं.

बेसिस्ट जीना बर्च तर स्लिट्सना बघूनच पेटली. ती हॉर्नसीच्या आर्ट कॉलेजात शिकत होती. तिथल्याच अना दा सिल्व्हाबरोबर तिनं 1977 मध्ये द रेनकोट्स हा बँड काढला आणि त्याच नोव्हेंबरात पहिला शो केला.

म्हणून पहिल्या शोची तारीख आधी ठरव. दोन-दोन मिनिटांची पाच गाणी बसव, तेवढी पुष्कळ झाली. खाली जे सांगतेय ते सगळं त्या तारखेकडे जाताना करायचं आहे.

बेस विकत घेताना

नवा घ्यायची गरज नाही, पण वापरलेला घेणार असशील तर नीट तपासून घे. ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकाच वेळी दाब आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली बघ. कागद सरकेल एवढी फट असेल तर मान ठीक आहे. फट फार मोठी असेल, किंवा तार चिकटूनच बसली असेल, तर मानेचा रॉड फिरवून बघायला सांग. त्यानं फरक पडला नाही तर तो बेस सोडून दे. मग चारही तारांवर एकेक फ्रेट दाबत शेवटपर्यंत जा. कुठे तार खरखरतेय, कुठे सूर मरतोय, ते ऐक. आवाजाची बटणं पूर्ण फिरव. करकर आली तर घाबरू नकोस, ती साफ करून जाते. तारा जुन्या असल्या तरी चालेल, मला स्वतःला पंकसाठी जरा वाजून मऊ झालेल्या ताराच आवडतात.

"माझे हात लहान आहेत" हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्यावर थोडं थांबून सांगते. नेहमीच्या बेसची तार, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून खाली तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतची वाजणारी लांबी, 34 इंच असते. 30 इंचांचेही बेस मिळतात, त्यांना शॉर्ट स्केल म्हणतात. त्यांच्यावर फ्रेट जवळजवळ येतात आणि तारांचा ताणही कमी असतो. शॉर्ट स्केल म्हणजे मुलांचं खेळणं, असं दुकानात कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नकोस. आणि 34 इंचांचाच घ्यायचा असेल तर बोटांची वाटणी बदल. मानेच्या वरच्या भागात, नटच्या जवळ, प्रत्येक फ्रेटला एक बोट लावायचा हट्ट धरू नकोस. पहिलं बोट, दुसरं बोट आणि करंगळी एवढीच वापर, अनामिका करंगळीला आधार देईल. उभा डबल बेस वाजवणारे पिढ्यान् पिढ्या असंच वाजवत आलेत.

पट्ट्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. पंकच्या फोटोंमध्ये बेस गुडघ्यापाशी लोंबत असतो आणि तो दिसतोही झकास. पण बेस तेवढा खाली गेला की डावं मनगट काटकोनात मुडपतं, आणि त्या अवस्थेत रोज तासभर वाजवलंस तर मनगट बोलायला लागतं. खुर्चीवर बसून बेस मांडीवर घे, मनगट सरळ राहील अशी जागा शोध, आणि पट्टा असा बांध की उभी राहिल्यावर बेस त्याच्या फार तर चार बोटं खाली येईल. पट्टा रुंद घे. बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं आणि अरुंद पट्टा ते सगळं खांद्याच्या एकाच रेषेवर टाकतो.

उजवा हात

आता खरं काम. नव्या मुली डाव्या हातावर जीव टाकतात, कुठला सूर कुठे आहे ते पाठ करत बसतात. पंकमधला डावा हात आठवड्याभरात जमून जातो. उजव्या हाताला महिने लागतात, आणि बँड उभा राहतो तो त्याच्यावरच.

जाड पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, घे, एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड. पातळ पिक वाकतं, वाकलं की उशिरा सुटतं, आणि सूर एक केसभर मागे पडतो. पिकचं टोक बोटांच्या बाहेर तीन-चार मिलिमीटरच ठेव. पकड एवढीच की ते पडू नये. तळहाताची कड ब्रिजच्या अलीकडे अलगद टेकव. आता फक्त ई तार, मोकळी. डाव्या हाताची बोटं उरलेल्या तारांवर नुसती ठेव, म्हणजे त्या गुणगुणणार नाहीत. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 100 ठोक्यांवर लाव आणि प्रत्येक ठोक्याला दोन आघात दे, सगळे वरून खाली. सलग दोन मिनिटं. दुसरं काहीही करायचं नाही.

कंटाळवाणं वाटेल, पण फोनवर रेकॉर्ड करून ऐक. पहिली वीस-तीस सेकंदं छान जातात. मग दर दोनातला दुसरा आघात बारीक होतो, कारण हात वर आणायची घाई होते. मग खांदा वर चढतो. मग लय पळायला लागते. यातलं कुठलं तुझ्या बाबतीत आधी होतं ते ओळख, कारण स्टेजवरही नेमकं तेच होणार. मेट्रोनोमचा वेग पाच-पाचनंच वाढवायचा, आणि दोन मिनिटांतले सगळे आघात सारखे पडल्याशिवाय पुढच्या वेगाला जायचं नाही.

कुठवर जायचं? 180 वर वाजवताना सेकंदाला सहा आघात होतात. दोन मिनिटांच्या गाण्यात 720. पाच गाण्यांत साडेतीन हजारांच्या वर. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण तो कळला की ताकद लावून वाजवायचा मोह सुटतो. एवढे आघात ताकदीवर निघत नाहीत. मनगटाची हालचाल जेवढी बारीक ठेवशील तेवढी तू टिकशील. आवाज मोठा करायचं काम अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं आहे. वाजवताना अधूनमधून उजवा अंगठा सैल आहे का बघ. तो पांढरा पडला असेल तर तू पिक आवळते आहेस.

खाली-वर दोन्ही बाजूंनी वाजवलं तर निम्म्या कष्टात भागतं हे खरं आहे, आणि फार वेगवान गाण्यांत मीही तसंच वाजवते. पण सगळे आघात वरून खाली आले की प्रत्येक सुराला सारखीच धार येते. ती धार एकदा कानात बसू दे, मग हवं तसं वाजव. पिक सोडून बोटांनी वाजवणाऱ्या बेसिस्टही उत्तम आहेत. तुला तेच रुचलं तर वरचा सगळा सराव दोन बोटांनी कर, मोजमाप तेच.

दंड आणि मनगटाच्या मधला भाग दगडासारखा टणक झाला, किंवा मनगटात कळ आली, की त्या दिवशी थांबायचं. थकवा वेगळा आणि कळ वेगळी. थकव्यातून बळ येतं, कळ दाबून वाजवत राहिलीस तर हात बरेच दिवस कामाचा राहत नाही.

सूर थांबवणं हेही उजव्या हाताचंच काम समज, निम्मं डाव्याचं. एक सराव देते: चार आघात, मग तेवढाच वेळ पूर्ण शांतता, पुन्हा चार आघात. शांततेत एकही तार गुणगुणता कामा नये. डाव्या हाताची बोटं तारेवरून उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा, आणि त्याच क्षणी तळहाताची कड तारांवर टेकवायची. सगळा बँड एकाच वेळी तुटतो आणि पुन्हा एकत्र कोसळतो ती जागा ऐकली असशील. ती जागा बेसमुळे बनते. गिटार थोडी रेंगाळली तर चालते, बेस रेंगाळला की सगळं मातीमोल.

डाव्या हाताला काय लागतं

मूळ सूर, पाचवा सूर आणि वरचा तोच सूर. पाचवा असतो शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढे. वरचा असतो एक तार सोडून पलीकडच्या तारेवर, तोही दोन फ्रेट पुढे. हा आकार हाताला कळला की मानेवर कुठेही सरकव, तो तसाच राहतो. गिटारवाली जो कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, धरेल त्याचा मूळ सूर पकड आणि हलू नकोस. पहिल्या पाच गाण्यांना एवढं पुरतं.

पुढचं शिकायचं असेल तेव्हा रेनकोट्सचा 1979 चा पहिला अल्बम काढ. तिथे जीना बर्चचा बेस गिटारच्या मागे-मागे चालत नाही. गिटार आणि व्हायोलिन खरवडत असताना बेस आपली वेगळीच चाल घेतो, कधी तोच गाण्याचा मुख्य सूर होऊन बसतो. ते वाजवून बघायच्या आधी गुणगुणून बघ. गळ्यातून येणारी चाल हातातूनही येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ड्रमशी लग्न

रिहर्सलमध्ये कुठे उभी राहायचं हे योगायोगावर सोडू नकोस. ड्रमवालीचा किकचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पाय दिसेल अशी जागा घे. कान चुकतात, खोलीत आवाज घुमतो, पण पाय दिसला की तुझा सूर आपोआप त्याच्याबरोबर पडतो. रिहर्सलचा पहिला अर्धा वेळ गिटार आणि गाणं बंद ठेवायला सांग, फक्त बेस आणि ड्रम. नाराज होतील, होऊ देत. दोघींनी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजवायचं, चुकलं तरी पुढे जायचं. आधी निम्म्या वेगानं, मग पूर्ण. निम्म्या वेगात कुठे अडखळता ते ताबडतोब कळतं.

अँपवर बहुतेक मुली सगळ्यात आधी बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण पूर्ण फिरवतात. उलट कर. बेस अर्ध्याच्या थोडा खाली, मिड्स, म्हणजे मधले सूर, अर्ध्याच्या वर. कारण सांगते. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर साधारण 41 हर्ट्झचा असतो. छोट्या अँपच्या स्पीकरमधून तो धड निघतच नाही. कानाला बेस म्हणून जे कळतं ते त्याच्या वरचे, 82, 123 हर्ट्झ आणि त्यापुढचे पडसाद. खालचं वाढवलंस तर खोली घुमेल आणि तू ऐकू येणार नाहीस, मिड्स वाढवलेस तर गिटारच्या गदारोळातही तुझा प्रत्येक आघात कळेल. आणि मैत्रिणीच्या गिटार अँपमध्ये बेस लावून आवाज चढवू नकोस, त्याचा स्पीकर फाटू शकतो.

स्टेजवर आणि फोटोत

बेसिस्ट गे अ‍ॅडव्हर्टची गोष्ट प्रत्येक मुलीला माहीत हवी असं मला वाटतं. डेव्हनमधून ती आणि गायक टीव्ही स्मिथ लंडनला आले आणि 1976 मध्ये त्यांनी द अ‍ॅडव्हर्ट्स हा बँड सुरू केला. 1977 मध्ये पहिलं सिंगल (एका गाण्यासाठीची छोटी रेकॉर्ड) निघालं, त्याच्या कव्हरवर गेच्या चेहऱ्याचा मोठा फोटो होता. त्याच ऑगस्टमध्ये दुसरं सिंगल ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत 18व्या क्रमांकावर गेलं. ब्रिटिश पंकमधल्या पहिल्या मोठ्या स्त्री चेहऱ्यांपैकी ती एक ठरली, आणि तेव्हाच्या संगीत साप्ताहिकांनी तो चेहराच धरून ठेवला. बँडचा पहिला अल्बम ऐकशील तर सगळ्या गाण्यांखाली तिचा सरळ, न डगमगणारा बेस आहे. त्याच्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते शोधायला बसलीस तर तिच्या दिसण्याबद्दलचा मजकूर आधी हाती लागतो. 1979 मध्ये बँड संपला. पुढे ती चित्र आणि इतर दृश्यकलेत काम करत राहिली. मला तिच्याबद्दल फार आदर आहे, आणि तिच्या बेसवर व्हायला हवं होतं तेवढं बोलणं झालं नाही याचा रागही आहे.

आज तुला काय करता येईल? फोटोच्या दिवशी बेस गळ्यात असू दे. कव्हरवर काय जाणार हे बँडनं बसून ठरवायचं, आणि ते छापायच्या आधी. मुलाखतीत कपड्यांबद्दल विचारलं तर एका वाक्यात उत्तर देऊन गाण्याकडे वळ. दुसऱ्यांदा विचारलं तर सरळ सांग, याबद्दल मी बोलणार नाही. आवाज चढवायची गरज नसते.

साउंडचेकला हमखास घडणारा प्रसंग. मी बेस खांद्याला लावून उभी असते आणि साउंडवाला माझ्या मागे बघत विचारतो, "बेसवाला कुठाय?" मी म्हणते, "मीच. किक मला माझ्या मॉनिटरमध्ये हवाय, आणि गिटार थोडी कमी." वाद घालत बसले नाही तरी माझ्या कामाची भाषा ऐकून समोरचा सावरतो. तुझ्या मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर तुझ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, काय हवं ते दोन वाक्यांत सांगता येईल इतकं पाठ असू दे. चढताना पिशवीत जादा केबल, तारांचा एक संच, चार-पाच पिक आणि बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी ठेव. बेसची केबल पट्ट्यातून ओवून मगच जॅकमध्ये लाव, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी ती सुटणार नाही.

आणि कानात प्लग. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या निकषानं 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि छोट्या खोलीतली पंकची रिहर्सल तिथवर सहज जाते. पहिल्या रिहर्सलपासून प्लग घाल. संगीतकारांसाठीचे प्लग आवाज बोथट न करता सगळाच सारखा कमी करतात.

पैसे, हक्क आणि लांबचा पल्ला

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा रेकॉर्डिंगचा. बेसची चाल रचनेत धरली जाईलच असं नाही, बँडनं ठरवलं तर ती धरली जाते. म्हणून गाणं बनलं त्याच दिवशी, सगळ्या खुश असताना, कुणाचा किती वाटा ते लिहून तारीख टाकून सह्या करा. सगळ्यांना समान वाटा हा मला पटणारा हिशेब आहे. पंकची गाणी बहुतेक वेळा एका खोलीत सगळ्यांनी मिळूनच बनतात.

पंकच्या बेसवर पोट भरणाऱ्या थोड्या. त्यानं खचू नकोस, कीरा रेस्लरकडे बघ. कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक फ्लॅग या पंक बँडमध्ये ती 1983 ते 1985 बेसवर होती. बाकी सगळे पुरुष, रिहर्सल कडक, दौरे लांबलचक, आणि त्यातच तिनं विद्यापीठातलं शिक्षणही सुरू ठेवलं. नंतर ती चित्रपट आणि मालिकांच्या ध्वनिसंपादनात गेली आणि त्या कामासाठी तिला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. बेस मात्र सुटला नाही. बेसिस्ट किम गॉर्डनचा सॉनिक यूथ हा बँड 1981 ते 2011 चालला आणि तिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला 2019 मध्ये, साठी उलटल्यावर. जीना बर्चचा तसा पहिला अल्बम 2023 मध्ये, रेनकोट्सच्या पहिल्या शोनंतर पंचेचाळीस वर्षांनी आला. तिनं मधल्या काळात फिल्मचंही काम केलं. तेव्हा नोकरी कर, शिक्षण पूर्ण कर, फक्त रिहर्सलचा वार कुणाला देऊ नकोस.

बँड तुटला तर काय वाजवायचं, हाही प्रश्न येतो. कीरानं माइक वॉट या बेसिस्टबरोबर 'डॉस' नावाची जोडी काढली. त्यात दोनच बेस, ड्रम नाही, गिटार नाही. ते ऐक आणि मग ओळखीतली दुसरी बेसिस्ट गाठ. समोरासमोर बसा, दोन्ही बेस आधी एकमेकींशी जुळवून घ्या. एकीनं ई आणि ए तारेवर मूळ सूर धरायचा, दुसरीनं डी आणि जी तारेवर, बाराव्या फ्रेटच्या आसपास चाल शोधायची. दहा मिनिटांनी अदलाबदल. सुरुवातीला दोघींचे सूर एकमेकांत गढूळ होतील. तसं झालं की खालचीनं सूर आखूड करायचे आणि वरचीनं निम्मे सूर गाळायचे.